पहाटे तीनची वर्दी

सांगली,
मृगाच्या तोंडावर

प्रिय मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

अग्निशमन दलातल्या चोवीस तासांच्या ड्युटीची सवय किती दिवसांत होते, असं तू विचारलंस. उत्तर तुला आवडणार नाही. शरीराला सवय होतच नाही. सवय होते ती थकवा न जाणवण्याची, आणि तीच जास्त घातक. २००३ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. धडधाकट माणसांना सलग चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. दोन आठवड्यांनी त्यांची सतर्कता रात्रभर जागलेल्या माणसाइतकी घसरली होती, पण त्यांना विचारलं तर म्हणायची, थोडी झोप येतेय, बाकी ठीक. तेव्हा स्टेशनवरचा एखादा जुना माणूस ‘मला काही होत नाही’ म्हणाला, तर त्याच्या अनुभवाचा मान जरूर ठेव. त्या एका वाक्यावर मात्र विसंबू नकोस.

आधी हिशेब समजून घे. सकाळी सहाला उठून आठला हजेरी लावलेला माणूस रात्री अकरा वाजता सतरा तास जागा असतो. सतरा तास जागलेल्या माणसाचा हात आणि नजर, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसासारखी चालते. चोवीस तास जागं राहिलं की हाच आकडा १०० च्या आसपास जातो. आपल्याकडे वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. बंबाच्या चालकाला दोन पेग पाजून गाडीवर कुणी बसवणार नाही. रात्रभर जागवून मात्र बसवतात, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

पण सगळे चोवीस तास सारखे नसतात, आणि इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. झोपेचं एक आवर्तन साधारण नव्वद मिनिटांचं. साडेबारा, दोन आणि चार अशा तीन वर्दी (आग लागल्याचे निरोप) आल्या, तर तू बिछान्यावर एकूण तीन-साडेतीन तास पडलेला असशील, पण गाढ झोपेचं एकही आवर्तन धड पुरं झालेलं नसतं. त्याच्या उलट, एकही वर्दी नसलेली रात्रसुद्धा घरच्या झोपेसारखी नसते. एक कान घंटेकडे लावून झोपलेल्या माणसाची झोप उथळच राहते. म्हणून ‘काल रात्री शांत होतं, काही काम नव्हतं’ असं कुणी अधिकारी म्हणाला तर ते अर्धंच खरं.

धुरात जाताना तू पाठीवरचं श्वसनयंत्र वापरतोस, त्याच्याशी ताडून बघ. सहा लिटरचा सिलिंडर ३०० बार दाबाला भरला की १८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटरच्या हिशेबाने कागदावर ४५ मिनिटं. पण जिना चढून, होज (पाण्याचा पाइप) ओढत काम करणारा माणूस मिनिटाला ६० लिटर सहज ओढतो, आणि ५५ बारला शिट्टी वाजते तेव्हा उरलेले ३३० लिटर परतीचे असतात, कामाचे नव्हेत. म्हणजे हाताशी उरतात चोवीस-पंचवीस मिनिटं. झोपेचा साठाही असाच मोजायचा. परतीचा वाटा म्हणजे सकाळी आठनंतर मोटारसायकलवरून घरी जाणं. तो वाटा रात्रीच खर्चून बसलास तर शिट्टीही वाजत नाही.

एक छोटी वही कर. ड्युटीची तारीख, रात्री दहा ते सकाळी सहामधल्या वर्दी किती, प्रत्येक वेळी उठल्याची आणि परत आडवा झाल्याची वेळ, सलग मिळालेली सगळ्यात मोठी झोप किती, आणि सुट्टीच्या दिवशी किती झोपलास. भावना लिहू नकोस, आकडे लिही. तीन महिन्यांत तुला तुझं गणित कळेल. शिवाय पुढे कधी पाळीचा तक्ता बदलून मागायचा झाला, तर ‘आम्ही फार थकतो’ या वाक्यापेक्षा ही वही साहेबांच्या टेबलावर जास्त वजनाने पडते. अर्ज लेखी द्यायचा, पोच घ्यायची.

आता पहाटेच्या घंटेबद्दल. तीन ते पाच या वेळात शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं. त्यात गाढ झोपेतून उठवलेल्या माणसाचा मेंदू पूर्ण जागेवर यायला पंधरा ते तीस मिनिटं लागतात. पहिली काही मिनिटं सगळ्यात वाईट, आणि बंब तर मिनिटाभरात गेटबाहेर पडायला हवा. म्हणजे चालक मारुती रोडच्या अरुंद भागात शिरतो तेव्हा त्याचे डोळे उघडे असतात, डोकं अजून गादीवरच. यावर रामबाण काही नाही, पण नुकसान कमी करणाऱ्या गोष्टी आहेत. घंटेबरोबर खोलीतले सगळे दिवे लागले पाहिजेत, एक ट्यूबलाइट पुरत नाही. बूट, पँट, हेल्मेट एकाच क्रमाने, एकाच जागी, म्हणजे विचार करावा लागत नाही. तोंडावर गार पाणी. वॉच रूममधल्या (वर्दीचा फोन घेणाऱ्या) माणसाने पत्ता मोठ्याने वाचायचा आणि चालकाने तो परत मोठ्याने म्हणायचा. हे हास्यास्पद वाटेल. पण सांगली, मिरज आणि कुपवाड १९९८ पासून एकाच महापालिकेत आहेत, आणि घाबरलेला माणूस फोनवर नुसतं ‘स्टेशनजवळ’ म्हणून मोकळा होतो. रेल्वे स्टेशन सांगलीचं की मिरजेचं? हा प्रश्न गाडी निघण्याआधी विचारायचा असतो. फोन करणाऱ्याचा नंबर पत्त्याच्या शेजारी लिहिलेला हवा, वाटेत उलटा फोन लावता येतो.

चालकाशेजारी बसलेल्याने पहिली दहा मिनिटं त्याच्याशी बोलत राहायचं: पुढे चौक, डावीकडे हातगाडी, हळू. पहिल्या चौकात सायरन चालू असला तरी वेग कमी. आणि गाडी मागे घेताना एक माणूस खाली उतरलाच पाहिजे, कितीही घाई असो. दमलेल्या पाळीत सगळ्यात आधी हेच सुटतं, कारण ‘जागा आहे, ये’ असं ओरडणं उतरण्यापेक्षा सोपं.

आगीवर गेल्यावर थकवा कुठे दिसतो? ज्वाळांसमोर नाही. तिथे घंटेने आणि धगीने माणूस ताठ उभा असतो. थकवा पंपावर दिसतो. यंत्रचालक गेजकडे बघत असतो पण काटा त्याच्या डोक्यात उतरत नाही. मिनिटाला ४५० लिटर सोडणारी एक ब्रँच (होजच्या टोकाची तोटी) चालू असेल तर ४५०० लिटरची टाकी दहा मिनिटांत संपते. ताज्या माणसाला सातव्या मिनिटाला टँकरची आठवण होते, दमलेल्याला ब्रँचवरच्याने ‘पाणी गेलं’ म्हणून ओरडल्यावर. दुसरी चूक डिलिव्हरी व्हॉल्व्ह (पंपातून होजमध्ये पाणी सोडणारी झडप) झटक्यात उघडण्याची. होजमध्ये पाण्याचा दणका बसतो आणि ब्रँच धरलेला माणूस मागे फेकला जातो. तिसरी, सगळ्या डिलिव्हरी बंद ठेवून पंप तसाच फिरत ठेवण्याची. आतलं पाणी तापतं आणि सील जातात. या तीन चुका अज्ञानाच्या नाहीत, तिन्ही लक्ष निसटण्याच्या आहेत. म्हणून रात्री दोननंतर पंपाजवळ एक जादा माणूस ठेवून दर पाच मिनिटांनी टाकीची पातळी मोठ्याने सांगायला लावणं हे मनुष्यबळ वाया घालवणं नव्हे.

त्याहून वाईट वेळ कुलिंगची, म्हणजे विझलेला माल थंड करण्याची. आपल्या भागातल्या आगी आठव: हळदीची गोदामं, साखर कारखान्याच्या आवारातला बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) ढीग, कुपवाड एमआयडीसीतला सुताचा किंवा भंगाराचा साठा. ज्वाळा तासाभरात खाली बसतात, पण आत धुमसणं पुढे कितीतरी तास चालतं. ढीग उपसायचा, भिजवायचा, परत उपसायचा. अशा वेळी लोक मास्क काढून गळ्यात अडकवतात, कारण आता आग ‘संपली’. धुमसणाऱ्या मालातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू येतच असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकेदुखी आणि गुंगी ही त्याची पहिली लक्षणं जागरणाच्या थकव्यासारखीच असतात, त्यामुळे दमलेला माणूस ती ओळखत नाही. कुलिंगच्या कामावर दर वीस-पंचवीस मिनिटांनी माणसं बदलायची, बदललेल्याने वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसायचं, पाणी प्यायचं आणि शर्टाची बटणं उघडायची. डोकं दुखतंय म्हणाला तर त्याला परत आत पाठवायचं नाही.

स्टेशनवर रात्र वाटून घेता येते, आणि ते तुमच्याच हातात असतं. वॉच रूम एकट्याच्या गळ्यात रात्रभर न टाकता दोन-दोन तासांच्या पाळ्या लावा. झोपेचा पहिला हक्क चालकाचा, दुसरा यंत्रचालकाचा (आपल्याकडे बहुतेकदा तो एकच माणूस असतो). ज्याला गाडी हाकायची त्याला अकरा ते दोन कुणी उठवायचं नाही, रजिस्टरवर सही राहिली म्हणून तर मुळीच नाही. दुपारी एक ते तीनमध्ये संधी मिळाली तर झोप. झोपायचं तर वीस मिनिटं, नाहीतर पूर्ण नव्वद. चाळीस-पन्नास मिनिटांनी उठलास तर गाढ झोपेतून उठशील आणि आधीपेक्षा जड वाटेल. दुपारच्या झोपेला आळस म्हणणारे अधिकारी भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस, वॉच रूमला सांगून झोप.

चहाचं सांगतो, कारण आपल्याकडे स्टेशन चहावर चालतं. कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला पाच तासांच्या आसपास लागतात. सकाळी नऊला घरी झोपायचं असेल तर शेवटचा कप पहाटे तीनच्या आत. चहा पिऊन लगेच वीस मिनिटं आडवा झालास तर उठेपर्यंत तो चढू लागलेला असतो. ही युक्ती चांगली, रोज वापरलीस तर बोथट होते. जेवण साडेआठच्या आत, भाकरी-भाजी-ताक, पोटाला तडस लागेल इतकं नको. मध्यरात्रीनंतर पचन मंद असतं. बाराला हाणलेली मिसळ तीनच्या वर्दीला छातीशी येते, आणि छातीत जळजळ की आणखी काही या शंकेने माणूस उगाच घाबरतो, किंवा उगाच घाबरत नाही. मूठभर भडंग आणि एक केळं रात्रीला पुरे. मावा मात्र सोड. तंबाखूने झोप उडते हे खरं, पण सकाळी हवी असलेली झोपही तीच उडवते.

सकाळचा रस्ता. बुधगाव, कवलापूर, अंकली, तासगावकडे राहणारे कितीतरी जण ड्युटी सुटली की थेट मोटारसायकलला किक मारतात. ताशी ६० किलोमीटर वेगाला चार सेकंदांची डुलकी म्हणजे ६७ मीटर गाडी चालकाविना गेली. डुलकी लागली हे त्या माणसाला बहुतेकदा कळतही नाही. रात्री दोनपेक्षा जास्त वर्दी झाल्या असतील तर सुटल्यावर स्टेशनवरच वीस मिनिटं झोप, तोंड धू, मग निघ. नाहीतर एसटी धर. घरचे वाट बघतात म्हणून घाई करू नकोस, त्यांना तूच हवा आहेस.

घरी पोचल्यावर साडेनऊ ते एक झोप. चोवीस तासांच्या एकट्या ड्युटीनंतर अख्खा दिवस झोपलास तर रात्री डोळा लागणार नाही आणि पुढचे दोन दिवस बिघडतील. रात्री दहाला परत बिछान्यावर. सलग रात्रपाळ्या असतील तर गणित वेगळं: दिवसा एक मोठी झोप आणि कामावर जायच्या आधी नव्वद मिनिटं. खोलीत अंधार हवा. जाड चादर खिडकीला खिळे मारून लावली तरी चालते, महागडे पडदे नकोत. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत दिवसा झोप लागत नाही, तेव्हा खालची, उत्तरेकडची खोली माग. घरात मिक्सर, टीव्ही, पाहुणे चालणारच. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर महिन्याच्या ड्युट्या लाल पेनने लिहून ठेव आणि झोपेचे तासही लिही. घरच्यांना तुझी पाळी पाठ असेलच असं धरून चालणं हे निम्म्या भांडणांचं मूळ आहे.

आता ज्या गोष्टीवर कुणी बोलत नाही ती. आपल्यातले बरेच जण शेतीवाले. शेतीपंपाची वीज बऱ्याचदा रात्रीच्या वेळी येते. सुट्टीची रात्र उसाला पाणी पाजण्यात गेली की सकाळी आठला तो माणूस ड्युटीवर ‘ताजा’ म्हणून हजर होतो आणि त्याच्या डोळ्यांवर आदल्या ड्युटीचंही कर्ज असतं. शेती सोड असं सांगण्याइतका मी मूर्ख नाही. पण रात्रीच्या विजेचा आठवडा आणि तुझा तक्ता शेजारी ठेव. ड्युटीच्या आदल्या रात्रीचं पाणी भावाला, वाटेकऱ्याला दे, त्याच्या बदल्यात दिवसाचं काम तू घे. ड्युटीच्या आधीच्या दोन रात्री पूर्ण झोप, हा नियम मोडायचा नाही.

झोप हा ताणाचा मोठा वाटा, पण सगळा नव्हे. १९७९ मध्ये रॉबर्ट कॅरासेक या अभ्यासकाने मांडलं की कामाचा बोजा जास्त आणि त्यावरचा आपला ताबा कमी, ही जोडी माणसाला सगळ्यात जास्त पोखरते. अग्निशामकाचं काम त्यात चपखल बसतं. घंटा कधी वाजेल हे तुझ्या हातात नाही. रिलीव्हर (पाळी सोडवणारा) आला नाही तर डबल ड्युटी, हेही नाही. पद रिकामं राहिलं की त्याचे तास उरलेल्यांवर पडतात. भावाच्या लग्नाची रजा शेवटच्या दिवशी नाकारली गेली तर ती आगीपेक्षा जास्त लागते. कंत्राटावरच्या मुलाला तर बोलायचीही भीती असते. म्हणून जिथे ताबा मिळवता येतो तिथे तो घट्ट धर. चार्ज घ्यायला पंधरा मिनिटं आधी ये. टाकी, डिझेल, सक्शनची जाळी, प्रत्येक सिलिंडरचा बार फळ्यावर लिहून घे, कुठला रस्ता खोदलाय ते विचार. ज्याला आपली गाडी कशी आहे हे ठाऊक असतं त्याची रात्र हलकी जाते. तक्ता निदान महिनाभर आधी लागावा, अदलाबदल दोघांच्या सहीने व्हावी, एका ड्युटीनंतर लगेच दुसरी लावू नये, आणि तीन पाळ्या फिरत असतील तर त्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढेच सरकाव्यात. यातल्या एकालाही पैसा लागत नाही. तरी मागावं लागतं.

तब्येतीचं थोडक्यात. अमेरिकेत १९९४ ते २००४ दरम्यान कामावर असताना मरण पावलेल्या अग्निशामकांपैकी ३९ टक्के हृदयविकाराने गेले. त्यांतले जवळपास एक तृतीयांश प्रत्यक्ष आग विझवताना, आणि ते काम त्यांच्या वर्षभराच्या वेळेत जेमतेम १ ते ५ टक्के होतं. घंटेसरशी झोपेतल्या हृदयाला धावायला लागतं. वयाची तिशी ओलांडलीस की दर वर्षी रक्तदाब, साखर, ईसीजी. दुसरं म्हणजे काजळी. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अग्निशामकाचं काम कर्करोगकारक ठरवलं. पहाटे परत आल्यावर अंघोळ न करता आडवं होणं हा थकव्याचाच एक परिणाम, आणि तो सगळ्यात महाग पडतो. मान, कान, काखा, मनगटं तासाभरात साबणाने धुवायची. डांगरी (कामाचा गणवेश) घरी न्यायची नाही, मुलांच्या कपड्यांत धुवायला तर नाहीच.

मनाचं. नदीतून, विहिरीतून काढलेलं प्रेत, जळालेलं मूल. हे काही दिवस डोळ्यांसमोर येणारच, त्यात कमजोरी काही नाही. परत आल्यावर सगळ्यांना गोल बसवून जबरदस्तीने बोलायला लावण्याचा उपयोग होत नाही, हे आता अभ्यासांनी दाखवलंय. खाणं, अंघोळ, ज्याच्याशी मन मिळतं त्याच्याशी दोन शब्द, आणि बोलायचं नसेल तर गप्प बसायची मोकळीक. मात्र महिना उलटल्यावरही तीच स्वप्नं पडत असतील, घंटेच्या आवाजाने घाम फुटत असेल, घरच्यांवर हात उठू लागला असेल किंवा झोपेसाठी रोज पेग लागत असेल, तर थांबू नकोस. १४४१६ या टेलिमानसच्या (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मिरजेत डॉक्टरांची वाण नाही. दारूने झोप लागते हे खरं, टिकत नाही. रात्रीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात तीच मोडते.

पूर हा वेगळा धडा आहे, आणि तुझा पहिला पावसाळा येतोय. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांना पोचलं की इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा ड्युटी तासांत मोजली जात नाही. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की पाणी सांगलीत पोचायला मधे वेळ असतो. तो वेळ मोबाइलवर पातळ्या बघत घालवू नकोस, झोपून घे. बोटीवर दोन तासांनी माणूस बदलायचा, इंजिन धरणाराही. चार दिवस सुट्टी नसली तरी प्रत्येकाला चोवीस तासांत सलग पाच-सहा तास कोरड्या जागी झोप मिळालीच पाहिजे, आणि कोण कधी झोपला ते फळ्यावर दिसलं पाहिजे. थकलेल्या माणसाला काठावरच्या गर्दीला ‘नाही’ म्हणवत नाही. त्या महापुरात ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेतलेली बोट उलटली होती. बोटीची संख्या काठावर उभं राहून ठरवायची नसते, निघतानाच ठरवून आकडा बोटीवर रंगवायचा, म्हणजे वाद आकड्याशी होतो, तुझ्याशी नाही.

पुढच्या महिन्याचा तक्ता लागला की त्याचा फोटो पाठव. रात्री आणि सुट्ट्या मोजून बघू.

तुझा हितचिंतक

ता. क. पुरात उतरण्याआधी लेप्टो (पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप) टाळण्यासाठीच्या डॉक्सिसायक्लिन गोळीबद्दल वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचार. ती आठवड्यातून एकदाच घेतात आणि त्यांच्या सल्ल्यानेच. जेवणानंतर आणि पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी घेतलीस तर मळमळेल. जादा मोजे चार जोड, प्लास्टिकच्या पिशवीत.